कौलाखालचा कागद आणि माळ्यावर कोंडलेली वाफ

(या भागाची ही लिखित प्रत. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. अधलेमधले "म्हणजे... म्हणजे" तेवढे काढलेत.)

 

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे काय मध्येच? विषय आहे कौलारू घराचा माळा. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं गावाला एखादं घर आहे. आजीआजोबा तिथे राहतात, किंवा ते बंद असतं आणि गणपतीला उघडतं. आणि दर पावसाळ्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो येतो. बादली ठेवलेली असते, बादलीत टपटप पाणी. खाली मेसेज, "यंदा काहीतरी करायला हवं."

मग आपण काय करतो? कौलांखाली प्लॅस्टिकचा कागद घालतो. हल्ली थोडे जास्त पैसे टाकून मेंब्रेनचा रोल आणतो. गळती थांबते आणि सगळे खूश होतात.

आम्हीही खूश झालो होतो. आज सांगायचंय ते त्यानंतर काय झालं ते.

आमच्या घराची गोष्ट

आमचं घर राजापूर तालुक्यात. दुपाखी, मंगळुरी कौलांचं, माजघरावर फळ्यांचा माळा. आजी तिथे एकटी राहते. पूर्वी दर वर्षी मे महिन्यात शाकारणी व्हायची. कौलं उतरवायची, झाडायची, फुटलेली बदलायची, परत लावायची. आता त्या कामाला माणसं मिळत नाहीत. वर माकडं. माकडांची टोळी एकदा छपरावरून पळत गेली की पंधरा-वीस कौलं फुटलीच म्हणून समजा.

तर तीन वर्षांपूर्वी बाबांनी ठरवलं, कागद घालू. वाशांवर जाड प्लॅस्टिक पसरलं, त्यावर रीपा ठोकल्या, त्यावर कौलं. आढ्यावरून सलग, खाली वळचणीपर्यंत घट्ट. कुठेही फट नाही. पहिला पावसाळा एक थेंब आला नाही. बाबांनी ग्रुपवर कोरड्या माजघराचा फोटो टाकला होता.

दुसऱ्या पावसाळ्यात आजी फोनवर म्हणाली, "माळ्यावर कुबट वास येतो रे. आणि चुलीचा धूर खालीच बसतो. कागद घातलात तेव्हापासून त्याला जायला वाट नाही." मी म्हटलं, आजी, पाऊस आहे, वास येणारच. खरं सांगतो, मी ते फार मनावर घेतलं नाही.

दिवाळीत गेलो तेव्हा माळ्यावर चढलो. मोबाइलचा टॉर्च लावला. वाशांच्या खालच्या बाजूला काळे ठिपके, काही ठिकाणी पांढरी बुरशी. आजीच्या ट्रंकेतल्या कागदांना बुरशी. आणि एका वाशाला मी अंगठ्याने दाबलं, तर अंगठा आत गेला. सागाचा नव्हता तो, पण तरी चाळीस-पन्नास वर्षं टिकलेला वासा होता. त्या वाशाच्या बरोबर खाली, एक मजला खाली, आजीची खाट.

घरात दोन गट पडले. काका म्हणाले, "पाडा आणि स्लॅब टाका." बाबा म्हणाले, "कागद बदलू, चांगला आणू." दोघांचाही मुद्दा मला अर्धाच वाटला. कारण गळत नव्हतं तर लाकूड कुजलं कसं, या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. ते शोधण्यात माझे दोन-तीन महिने गेले. जे हाती लागलं ते आज सांगतोय.

फटी कशासाठी होत्या

मंगळुरी कौल म्हणजे यंत्रावर दाबून केलेलं, एकमेकांत अडकणारं कौल. १८६५ मध्ये मंगळूरला बाझल मिशनने त्याचा कारखाना काढला आणि पुढे पूर्ण पश्चिम किनाऱ्यावर ही कौलं पसरली. त्याआधी आपल्याकडे नळे होते, अर्धगोल, कुंभाराने घडवलेले. दोन्हींत एक गोष्ट सारखी. कौलं सिमेंटने जोडत नाहीत, एकावर एक ठेवतात. म्हणजे प्रत्येक कौलाच्या कडेला बारीक फट असते. अशा शेकडो फटी.

त्या फटींतून वादळी पावसात थोडं पाणी आत येतं, हे खरं. पण त्याच फटींतून चोवीस तास हवाही जाते-येते. चुलीचा धूर, भाताची वाफ, आपल्या श्वासातला ओलावा, ओल्या जमिनीतून वर येणारा दमटपणा, हे सगळं वर चढतं आणि फटींतून निघून जातं. कौल भिजलं तरी दोन्ही बाजूंनी वाळतं. म्हणजे माळ्याला वायुवीजन होतं. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं, फुकटात मिळत होतं.

आपण कागद घातला आणि पाण्यासोबत हवाही बंद केली. गळतीचा हिशेब केला, वाफेचा केलाच नाही.

कोकणात हे जास्त का नडतं

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, दोनच मिनिटं.

लाकूड भोवतीच्या हवेतला ओलावा शोषत आणि सोडत असतं. हवेची आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात साधारण १६ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की ते साधारण २० टक्के होतं. आणि लाकडात २० टक्क्यांच्या वर पाणी बराच काळ राहिलं की बुरशीचा धोका सुरू होतो. त्याच्याही बऱ्याच वर गेलं की लाकूड प्रत्यक्ष कुजायला लागतं.

आता जुलैतलं कोकण आठवा. बाहेरची हवाच ८५-९० टक्के. म्हणजे आपले वासे चार महिने काठावरच उभे असतात. त्यात माळा बंद करून घरातली वाफ कोंडली, की ते काठाच्या पलीकडे जातात. उघड्या छपरात ते काठावर राहतात आणि दिवाळीनंतर कोरडी हवा सुटली की सुकतात. जुनी घरं टिकली ती अशी.

इथे कुणीतरी विचारेल, बाहेरच ९० टक्के असेल तर ती ओली हवा आत घेऊन फायदा काय? प्रश्न एकदम बरोबर आहे. मीही इथे अडकलो होतो.

उत्तर असं. मी दोन छोटे डिजिटल आर्द्रतामापक घेतले. एक पडवीत टांगला, एक माळ्यावर. दुपारी पडवीत २७ अंश आणि ९० टक्के. माळ्यावर ३३ अंश आणि ८० टक्के. मला वाटलं, अरे वा, माळा तर जास्त कोरडा! पण नाही. गरम हवेत जास्त पाणी मावतं. हिशेब केला तर पडवीत एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी होतं आणि माळ्यावर साधारण २८ ग्रॅम. टक्के कमी, पाणी जास्त. रात्री छप्पर गार झालं की हेच जास्तीचं पाणी प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब होऊन लागतं आणि वाशांवर पडतं. आकाश मोकळं असेल त्या रात्री छप्पर तर आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं.

म्हणून नुसते टक्के बघू नका. मोबाइलवर दवबिंदू काढणारे कॅल्क्युलेटर मिळतात. दोन्ही ठिकाणचं तापमान आणि आर्द्रता टाका. माझ्या आकड्यांवरून पडवीचा दवबिंदू २५ अंश आला आणि माळ्याचा २९. माळ्याचा दवबिंदू बाहेरच्यापेक्षा रोजच जास्त येत असेल तर समजायचं, वाफ कोंडतेय. दोन्ही जवळपास सारखे येत असतील तर हवा खेळतेय. वायुवीजनाने माळा बाहेरच्या हवेपेक्षा कोरडा होत नाही. घरातून वर आलेलं जास्तीचं पाणी तेवढं निघून जातं. आणि मग उन्हाने माळा तापला की तिथली आर्द्रता खरोखर खाली येते आणि लाकूड सुकतं.

मग काय करायचं

पहिली गोष्ट, हवेला दोन तोंडं लागतात. एक खाली, वळचणीपाशी, आत यायला. एक वर, आढ्यापाशी, बाहेर जायला. गरम हवा वर चढते, वरून निघते आणि खालून नवी हवा ओढते. फक्त वर भोक पाडलं आणि खाली काहीच नाही, तर उपयोग जवळपास शून्य. बाटली उलटी केल्यावर पाणी कसं गटागट अडकत पडतं, तसं होतं.

किती मोठी तोंडं? अमेरिकेत घरबांधणीच्या नियमांत एक प्रमाण असतं. माळ्याच्या दर १५० चौरस फुटांना १ चौरस फूट मोकळी जागा, साधारण निम्मी खाली आणि निम्मी वर. तिथलं हवामान वेगळं आहे, त्यामुळे आपल्याकडे हे निदान एवढं तरी, असं धरा. आमचा माळा ३० बाय २० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. भागिले १५०, झाले ४ चौरस फूट. दोन खाली, दोन वर.

ऐकायला मोठं वाटतं. पण दोन्ही बाजूंच्या वळचणी मिळून ६० फूट लांब आहेत. त्यावर २ चौरस फूट पसरले तर फट अर्ध्या इंचाहूनही कमी येते. जाळी लावली की तिच्या तारा थोडी जागा खातात, पुढे धूळही बसते. म्हणून आम्ही एक इंच ठेवली.

जाळी पाव इंच भोकांची घ्या. उंदीर, वटवाघूळ आत येत नाही. मच्छरदाणीची बारीक जाळी लावू नका, वर्षभरात धुळीने बुजते. आणि एक विनंती, जाळी ठोकण्याआधी आत वटवाघळं नाहीत ना बघा. आत कोंडली तर बिचारी मरतील आणि वासाने तुम्ही.

वरच्या तोंडासाठी आमचं काम सोपं झालं, कारण घर दुपाखी. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत, जेवढं वर जाता येईल तेवढं वर, लाकडी झडपांची खिडकी बसवली. झडपा बाहेर खाली उतरत्या, म्हणजे तिरका पाऊस आत येत नाही. चौपाखी घर असेल तर त्रिकोणी भिंत मिळत नाही. मग आढ्यावरच कागद दोन्ही बाजूंनी थोडा अलीकडे थांबवून फट ठेवावी लागते आणि तिच्यावर पाऊस अडवायला उंच टोपी. ते काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या.

दुसरी गोष्ट, मेंब्रेन कुठलं आणि कसं. बाजारात दोन जाती आहेत. एक पाणीही अडवतं आणि वाफही: साधं प्लॅस्टिक, ताडपत्री, डांबरी मेंब्रेन. दुसरं पाणी अडवतं पण वाफ थोडी थोडी जाऊ देतं. दुकानात त्याला ब्रीदेबल म्हणतात. कौलाखाली दुसरं बरं. पण ब्रीदेबल लिहिलंय म्हणून खिडक्या बंद करू नका. आपल्या पावसाळ्यात आतली आणि बाहेरची हवा दोन्ही ओल्या, त्यामुळे मेंब्रेनमधून वाफ फार हळू जाते. खरं काम हवेच्या वाटाच करतात.

तिसरी गोष्ट आम्हाला सुतारकाकांनी दाखवली. कागद काढल्यावर वाशांपेक्षा रीपा जास्त कुजलेल्या निघाल्या. का? कौलातून थोडं पाणी आत येतंच. ते कागदावरून खाली वाहतं. पण रीप आडवी, कागदाला चिकटून. म्हणजे प्रत्येक रीप एक छोटं धरण! पाणी तिच्यामागे साचतं आणि ती सडते.

उपाय साधा आहे. मेंब्रेन वाशांवर पसरायचं, मग प्रत्येक वाशाच्या रेषेत उभी पट्टी ठोकायची, साधारण एक ते दीड इंच जाड. त्या उभ्या पट्टीवर आडव्या रीपा, आणि मग कौलं. आता कौल आणि मेंब्रेन यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत मोकळी वाट राहते. पाणी सरळ वाहून जातं आणि कौलं खालून वाळतात. मेंब्रेनची खालची कड वळचणीच्या फळीच्या बाहेर काढा, नाहीतर ते सगळं पाणी भिंतीत मुरतं.

मेंब्रेनचं आणखी एक. उन्हात ते खराब होतं. किती दिवस उघडं चालतं ते रोलवर लिहिलेलं असतं. म्हणून एक पाखं उतरवा, पूर्ण करा, मग दुसरं.

हे करू नका

एक्झॉस्ट फॅन लावू का, असं खूप जण विचारतात. खालची तोंडं पुरेशी नसतील तर फॅन हवा ओढणार कुठून? घरातून. म्हणजे चुलीचा धूर आणि वाफ आणखी जोरात माळ्यावर. आधी वाटा मोकळ्या करा, मग बघा फॅन लागतोय का. बहुतेक लागत नाही. कारखान्यांच्या छपरावर फिरणारे गोल भोवरे असतात, त्यांचंही तेच.

माकडांना कंटाळून कौलं काढून पत्रा घालणार असाल, तरी हीच गोष्ट लागू. पत्रा रात्री पटकन गार होतो, त्यामुळे त्याच्या खाली दव आणखी लवकर धरतं. आणि जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला भोकं पाडत बसू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

आणि उकाड्याबद्दल खोटी आशा देत नाही. हवा खेळली की माळ्याची कोंदट गरमी कमी होते, पण तापलेल्या कौलांची झळ हवेने अडत नाही. त्यासाठी चकचकीत फॉइल असलेलं मेंब्रेन मिळतं. फक्त त्या चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा हवी. कशाला तरी चिकटवून बसवलं तर फॉइलचा उपयोग होत नाही.

शेवटचं, स्वतः छपरावर चढू नका. ओल्या कौलावर पाय सटकतो आणि जुनी रीप वजन घेत नाही. माळ्यावर जातानाही आधी काठी आपटा. साप, गांधीलमाशी, उघड्या वायरी, काहीही असतं.

आता काय स्थिती आहे

आम्ही डिसेंबरमध्ये काम काढलं. कागद काढल्यावर लाकूड काही आठवडे तसंच सुकू दिलं. पाच वासे बदलावे लागले, रीपा सगळ्याच. खर्च स्लॅबच्या खर्चाच्या आसपासही गेला नाही, पण कमीही नव्हता. सगळ्यात वाईट हे वाटलं की पहिल्याच वेळी उभ्या पट्ट्या आणि दोन खिडक्या केल्या असत्या तर यातला बराच खर्च वाचला असता.

यंदा जुलैमध्ये मी परत दोन्ही मापकं टांगली. दवबिंदूचा फरक एका अंशाच्या आत. वळचणीच्या फटीपाशी उदबत्ती धरली तर धूर आत वळतो आणि वर झडपांकडे जातो. आजीला ते दवबिंदू वगैरे काही सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "धूर जातो आता वर. आणि ट्रंक परत माळ्यावर ठेवलीस तरी चालेल."

ट्रंक अजून खालीच ठेवलीये. एक पावसाळा पूर्ण जाऊ दे, मग बघू. काका अजूनही स्लॅबचं म्हणतात, ते चालूच राहील.

तुमच्या गावच्या घरात कौलांखाली कागद घातलेला असेल तर यावेळी गेलात की एवढंच करा. माळ्यावर चढा, टॉर्च मारा, वाशांच्या खालच्या बाजूचे फोटो काढा. दोन-तीन वासे अंगठ्याने दाबून बघा. दर वेळी त्याच जागेचे फोटो काढा, म्हणजे बदल कळतो. आणि घरातलं मोठं माणूस कुबट वास येतो म्हणालं तर माझ्यासारखं "पाऊस आहे, येणारच" म्हणून फोन ठेवू नका.

फोटो मला पाठवा, प्रश्न असतील तर विचारा. ज्या ग्रुपवर बादलीचा फोटो येतो ना, त्याच ग्रुपवर हा भाग टाका.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!